जत्रेत जम्पिंग लावायचंय? आधी खुंट्यांचा हिशोब करा



मार्च लागला की माझ्या मोबाईलवर एकाच प्रकारचे मेसेज यायला लागतात. "सर, सेकंडहँड मिकी माऊस जम्पिंग मिळतंय, घेऊन टाकू का?" "सर, जत्रेत ट्रॅम्पोलिन लावलं तर दिवसाला किती सुटतात?" "सर, आमच्या तालुक्यात गेम झोन नाही, चालेल का?"

या आठवड्याच्या व्हिडिओत मी या धंद्याचं गणित मांडलं. भांडवल किती, तिकीट किती ठेवायचं, सिझन कोणता, सगळं सांगितलं. पण एक भाग राहून गेला, सुरक्षेचा. वेळ कमी पडला हे एक कारण. दुसरं कारण असं की त्यात माझी स्वतःची चूक आहे आणि कॅमेऱ्यासमोर ती सांगायला जीभ वळली नाही. म्हणून इथे लिहितो. लेख थोडा मोठा आहे, पण पैसे गुंतवण्याआधी शेवटपर्यंत वाचा.

माझ्या हातून काय झालं

कामरगावात माझं स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान आहे. शाळा सुरू तोवर गल्ला सुरू. एप्रिल-मे मध्ये वह्या-पेनची विक्री बसते, पण दुकानभाडं आणि लाइटबिल काही बसत नाही. बीबीए करताना सिझनल धंद्याला जोडधंदा हवा असं शिकलो होतो. म्हणून काही वर्षांपूर्वी मी एक वापरलेलं जम्पिंग घेतलं. पहिल्या उन्हाळ्यात बड्डे, बारसं, लग्नात भाड्याने दिलं. निम्मे पैसे वसूल झाले आणि मला वाटलं, जमलं आपल्याला.

दुसऱ्या उन्हाळ्यात जवळच्या एका गावच्या जत्रेत ते लावलं. मैदान काळ्या मातीचं. मे महिन्यात काळी माती कशी होते ते तुम्हाला माहीत आहे. वरून दगडासारखी आणि मध्ये हात जाईल एवढ्या भेगा. जम्पिंगला दोऱ्या बांधायच्या सहा कड्या होत्या. तीन खुंट्या कशाबशा बसल्या. चौथी दोरी मी माझ्या स्प्लेंडरला बांधली. दोन कड्या तशाच मोकळ्या सोडल्या. मनात म्हटलं, आत हवा भरली की वजन येतंच.

चारच्या सुमारास मैदानात वावटळ उठली. आत सात पोरं होती. माझा मदतनीस चहाला गेला होता आणि मी सुटे पैसे मोजत होतो. जम्पिंगची एक बाजू कंबरेएवढी उचलली गेली, गाडी आडवी पडली आणि सगळी पोरं एका कोपऱ्यात घसरली. पाच-सात सेकंदात ते परत खाली बसलं. सहा पोरं रडत बाहेर आली. सातव्याचा हात कोपरात मोडला होता.

दवाखान्याचा खर्च मी केला. त्या घरच्यांनी तक्रार केली नाही. पण प्लास्टर चढत असताना त्या पोराच्या आईने मला एकच विचारलं, "दादा, तुमचं पोरगं असतं त तुम्ही पाठवलं असतं काय याच्यात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मोकळ्या कड्या मी सकाळीच पाहिल्या होत्या. मला माहीत होतं.

सहा हजार मैल लांब, पण तीच वावटळ

त्यानंतर १६ डिसेंबर २०२१ ला ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर डेव्हनपोर्ट गावात एका प्राथमिक शाळेत जे झालं, ते वाचून मी रात्रभर झोपलो नाही. शाळेचं वर्ष संपल्याचा कार्यक्रम होता. मैदानात असंच हवेचं जम्पिंग लावलेलं. अचानक वावटळ आली, जम्पिंग मुलांसकट हवेत गेलं आणि मुलं उंचावरून खाली पडली. सहा मुलं गेली, तीन गंभीर जखमी झाली.

ते जम्पिंग कुठल्या मोठ्या कंपनीचं नव्हतं. तुमच्या-माझ्यासारखाच छोटा व्यवसाय होता. त्या चालक बाईंवर खटला झाला. आठपैकी चारच ठिकाणी खुंट्या ठोकल्या होत्या, हा सुनावणीतला मोठा मुद्दा होता. जून २०२५ मध्ये कोर्टाने त्यांना निर्दोष ठरवलं. अशी वावटळ आधी ओळखता येण्यासारखी नव्हती, जास्त काळजी घेतली असती तरी परिणाम बदलला नसता, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. म्हणजे निर्दोष सुटायलाही साडेतीन वर्षं गेली. त्या काळात धंद्याचं काय होतं आणि माणसाचं काय होतं, याचा विचार करा.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. "अशी वावटळ येईल हे कोणाला माहीत होतं?" हे कारण विदर्भात चालणार नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारी मोकळ्या मैदानात वावटळ उठते हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे.

आपल्या राज्यात: एका स्टुलाची गोष्ट

हे परदेशातलं झालं. आता पुण्याजवळचं सांगतो. १८ एप्रिल २०२५ ला भोर तालुक्यातल्या एका वॉटर पार्कमध्ये पुण्याहून घरच्यांसोबत सुट्टीला आलेली एक तरुणी झिपलाइनसाठी वर चढली. बातम्यांनुसार मचाण साधारण तीस फूट उंच होतं. सेफ्टीची दोरी वरच्या तारेला अडकवायची होती, पण हात पोहोचेना. म्हणून तिथे स्टूल ठेवला होता. ती स्टुलावर चढली, तोल गेला आणि ती थेट खाली पडली. जीव गेला.

नीट बघा. तार तुटली नाही. पट्टा तुटला नाही. झिपलाइन तर सुरूसुद्धा झाली नव्हती. माणूस दोरीला बांधला जाण्याआधीच कठड्याजवळ स्टुलावर उभा होता, एवढीच ती चूक. तार योग्य उंचीवर घेतली असती, नाहीतर मचाणावर पाय ठेवण्याआधीच दुसरी दोरी कमरेला अडकवली असती, तरी ती वाचली असती. लाखो रुपयांच्या सेटअपमधला सगळ्यात स्वस्त सामान म्हणजे तो स्टूल.

मी प्रशिक्षणात हे उदाहरण नेहमी देतो, कारण आपल्याला वाटतं अपघात म्हणजे मशीन मोडणं. बऱ्याचदा मशीन धडधाकट असतं. चढताना, उतरताना, पट्टा लावताना माणूस पडतो.

राजकोट: शनिवार, सुट्ट्या आणि ९९ रुपयांचं तिकीट

गेम झोन काढायचा विचार करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. २५ मे २०२४, शनिवार. राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये शाळेच्या सुट्ट्यांची गर्दी होती आणि ९९ रुपयांत प्रवेशाची ऑफर सुरू होती. आत वेल्डिंगचं काम चालू होतं. ठिणगी पडली आणि लोखंडी सांगाड्यावर पत्रे ठोकून उभा केलेला तो सगळा डोलारा काही मिनिटांत पेटला. आत इंधनाचा साठा होता, पेट घेणारं सामान भरलेलं होतं आणि बाहेर पडायला मार्ग अपुरा. २७ लोक गेले, त्यात लहान मुलंही होती. अग्निशमन विभागाची एनओसी नव्हती. गुजरात हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि ही मानवनिर्मित आपत्ती आहे असं म्हटलं. मालक, मॅनेजर तर अटक झालेच, परवानगीकडे डोळेझाक केल्याबद्दल अधिकाऱ्यांवरही कारवाई झाली.

उद्योजक म्हणून यातल्या एका गोष्टीकडे माझं लक्ष गेलं. गर्दीच्या दिवशी काम बंद ठेवून वेल्डिंग करणं किंवा वेल्डिंग पुढे ढकलून धंदा करणं, हे दोन्ही पर्याय होते. दोन्ही एकाच वेळी केलं, कारण शनिवारचा गल्ला सोडवत नव्हता. हा मोह मला कळतो. जत्रेच्या शेवटच्या दिवशी आपणही हेच करतो. "आजच्या दिवस चालवू, उद्या दुरुस्त करू."

सगळीकडे एकच गोष्ट सापडते

आणखी दोन-तीन घटना थोडक्यात सांगतो.

अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ १४ जुलै २०१९ ला झोक्यासारख्या मोठ्या राईडचा मुख्य पाईप तुटला. दोन जण गेले, २९ जखमी झाले. मे २०१८ मध्ये आंध्रच्या अनंतपूरमध्ये आकाशपाळण्याची ट्रॉली निसटून दहा वर्षांची मुलगी गेली. बोल्ट ढिला आहे हे ऑपरेटरला आधी सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही, असा तिथल्या लोकांचा आरोप होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला गो-कार्टच्या चाकात केस अडकून एका महिलेचा जीव गेला. केस बांधून हेल्मेटच्या आत घालणं, एवढाच त्यावरचा उपाय. खर्च दहा-वीस रुपये.

मोठ्या कंपन्याही यातून सुटत नाहीत. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये २ जून २०१५ ला रोलर कोस्टर आपोआप थांबलं, कारण पुढे रुळावर एक रिकामी गाडी अडकली होती. मशीन बरोबर होतं. कर्मचाऱ्यांना वाटलं की मशीनच चुकतंय, त्यांनी हाताने गाडी पुढे सोडली. धडक झाली, दोन तरुण मुलींचे पाय कापावे लागले. कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला. ती कंपनी दंड भरून आजही उभी आहे. तुम्ही-मी एका दवाखान्याच्या बिलात आडवे होतो.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. कोणाला तरी आधी माहीत होतं. बोल्ट ढिला आहे, स्टूल हलतोय, खुंटी बसली नाही, ठिणग्या उडतायत. माहीत असून चालू ठेवलं गेलं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: या धंद्यात उतरण्याआधी ठरवा की मशीन बंद करायचा अधिकार कोणाला आहे, आणि बंद केल्यावर बुडालेला गल्ला कोण सोसणार. या दोन प्रश्नांची उत्तरं नसतील तर दुसरा धंदा बघा.

आता हिशोब करू

"सर, एवढं सगळं करायला आपल्याला परवडत नाही." हे मला नेहमी ऐकवतात. चला, कागद घ्या. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावाप्रमाणे बदला.

समजा तिकीट ३० रुपये. दिवसाला १५० पोरं. जत्रा पाच दिवसांची. म्हणजे ७५० तिकिटं आणि २२,५०० रुपये गल्ला.

आता दुसरा माणूस ठेवला, ज्याचं काम फक्त पोरांकडे बघायचं, पैसे घ्यायचे नाहीत. रोजचे ५०० धरा. पाच दिवसांचे २,५०० झाले. भागिले ७५० तिकिटं, म्हणजे तिकिटामागे ३ रुपये ३३ पैसे.

खुंट्या, दोऱ्या, खाली टाकायच्या गाद्या, अग्निशमन सिलिंडर, प्रथमोपचार पेटी यावर एकदाच ७,५०० रुपये गेले समजा. हे सामान वर्षात चार जत्रा चाललं तर ३,००० तिकिटांवर वाटलं जातं. तिकिटामागे अडीच रुपये.

एकूण सहा रुपयांच्या आत. तिकीट ३० चं ३५ करा आणि बोर्डवर लिहा: "एका वेळी फक्त ८ मुलं. सोबत दोन माणसं कायम." माझा अनुभव सांगतो, पाच रुपये जास्त म्हणून आई-बाप परत जात नाहीत. पोरगं कोणाच्या हवाली करतोय हे ते बघतात.

आता उलटा हिशोब. त्या दिवशी माझे दवाखान्यात जे गेले, त्यात त्या अख्ख्या जत्रेचा गल्ला गेलाच, वर दुकानातून टाकावे लागले. आणि पुढचे दोन सिझन जम्पिंग गोदामात पडून राहिलं, कारण मलाच लावायची हिंमत होत नव्हती.

जम्पिंग लावणाऱ्यांसाठी यादी

ही यादी मी आता स्वतः वापरतो. छापून दुकानात लावली आहे.

१. जितक्या कड्या, तितक्या खुंट्या. एकही मोकळी नाही. युरोपच्या मानकात कमीत कमी सहा ठिकाणी बांधायला सांगितलं आहे. खुंटी लोखंडी, साधारण १५ इंच लांब आणि १६ मिलिमीटर जाड.

२. जमिनीत खुंटी बसत नसेल तर प्रत्येक कडीला १६३ किलो वजन लागतं, असं तेच मानक सांगतं. पाण्याने काठोकाठ भरलेला २०० लिटरचा ड्रम चालतो. माझी स्प्लेंडर सव्वाशे किलोसुद्धा भरत नाही, आणि ती तर स्टँडवर उभी होती. गाडीला, खांबाला, झाडाच्या फांदीला दोरी बांधायची नाही.

३. वारा ताशी ३८ किलोमीटरच्या वर गेला की बंद. वारा मोजायचं यंत्र नसेल तर साधी खूण सांगतो: लहान झाडं बुंध्यापासून डोलायला लागली की पोरं बाहेर काढा. धुळीचा भोवरा दिसला की झाडाकडे बघायची पण वाट बघू नका. मी आता एप्रिल-मे मध्ये दुपारी मोकळ्या मैदानात जम्पिंग लावतच नाही. संध्याकाळी साडेपाचनंतरच.

४. लहान-मोठी पोरं एकत्र नकोत. बारा वर्षांचा पोरगा पाच वर्षांच्या पोरावर पडला की हाड मोडतं. वयाप्रमाणे दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या करा.

५. जनरेटर बंद पडला की हवा उतरते आणि पोरं कापडाखाली अडकतात. बाहेर काढायचा सराव मदतनिसाकडून आधी करून घ्या. डिझेलचा कॅन जम्पिंगजवळ ठेवायचा नाही.

६. वायरला उघडे जोड नकोत. एमसीबी आणि गळती झाली की लाइट तोडणारं आरसीसीबी बसवा. जत्रेत पाऊस आला की पहिला धोका करंटचा असतो.

७. सकाळी सुरू करण्याआधी वहीत लिहा: तारीख, वेळ, कोणी तपासलं, काय सापडलं, सही. दोन मिनिटांचं काम. उद्या काही झालं तर ही वहीच तुमच्या बाजूने बोलेल.

८. मदतनीस चहाला गेला तर मशीन बंद. मालक सुटे मोजत बसला तरी मशीन बंद.

मोठी राईड किंवा गेम झोन असेल तर

आकाशपाळणा, ब्रेक डान्स, ड्रॅगन ट्रेन असं यांत्रिक काही घेत असाल तर "चालू कंडिशन" या शब्दावर विश्वास ठेवून पैसे देऊ नका. सेकंडहँड राईडमध्ये रंगाखाली काय आहे ते रंग दिलेल्यालाच माहीत. वेल्डिंगच्या जोडांना बारीक चिरा आहेत का, बोल्ट मूळचे आहेत की जत्रेजत्रेत बदललेले, हे मेकॅनिकल इंजिनिअरकडून तपासून घ्या आणि लेखी घ्या. भारतीय मानक ब्युरोची अशा राईडसाठी वेगळी मानकं आहेत, बनवणाऱ्याला त्याबद्दल विचारा. उत्तर देताना तो गडबडला तर समजून जा.

परवानगीचं म्हणाल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली सार्वजनिक करमणुकीच्या जागेला परवाना लागतो. त्याशिवाय ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेची जागेसाठी परवानगी, महावितरणचं रीतसर तात्पुरतं कनेक्शन, मोठ्या राईडला यांत्रिक आणि विद्युत तपासणीचे दाखले, बंदिस्त गेम झोनला अग्निशमनची एनओसी. तुमच्या प्रकाराला नेमकं काय लागतं हे पोलीस ठाण्यात आणि तहसीलमध्ये लेखी अर्ज करून विचारा. "इथं सगळे असंच लावतात" हे उत्तर राजकोटलाही चालत होतं, २५ मे पर्यंत.

गेम झोनला बाहेर पडायचे दोन वेगळे मार्ग पाहिजेत, आणि दोन्हींना कुलूप नको. मागचं दार आहे पण त्यासमोर खुर्च्या रचल्या आहेत, म्हणजे दार नाही.

"आम्ही जबाबदार नाही" हा बोर्ड

प्रत्येक जत्रेत हा बोर्ड दिसतो. त्याने तुम्ही सुटत नाही. तिकीट फाडलं म्हणजे तुम्ही सेवा विकली, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तिथे लागू होतो. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या कायद्यात ती दोन वर्षं होती. बोर्ड लावायचाच तर वय, उंची, वजन, किती जण एका वेळी, हे लिहा.

विमा नक्की काढा. त्याला पब्लिक लायबिलिटी पॉलिसी म्हणतात. विमा एजंटला स्पष्ट सांगा की राईड आहे, जत्रेत फिरते, लहान मुलं बसतात. खोटं सांगून स्वस्त पॉलिसी घेतली तर क्लेमच्या वेळी ती फक्त कागद उरते. परवानगी नसेल तरी तेच होतं.

शेवटी

मागच्या उन्हाळ्यात एका बड्डेला मी जम्पिंग घेऊन गेलो. अंगणात फरशी होती, ड्रम ठेवायला जागा नव्हती. यजमान म्हणाले, "अहो, तासाभराचा तर प्रश्न आहे, कम्पाउंडच्या गेटला बांधून टाका." मी गाडीतून सामान उतरवलंच नाही. ॲडव्हान्स परत दिला आणि दुकानातून दोन कॅरम, रंगाचे डबे आणि फुगे नेऊन पोरांचे खेळ घेतले. भाडं बुडालं. ते यजमान थोडे नाराजच होते. पण दिवाळीत त्यांच्याच ओळखीतून मला दोन ऑर्डर आल्या. त्यांनी पुढे सांगितलं होतं म्हणे, "हा माणूस नाही म्हणतो, पण पोरांचं बघतो."

त्या आईचा प्रश्न मी यादीच्या सगळ्यात वर लिहून ठेवला आहे. मशीन सुरू करण्याआधी मी तो वाचतो. उत्तर "हो" आलं तरच ब्लोअरचं बटण दाबतो.

आता तुमचं काम. तुम्ही जो कोणता धंदा करणार आहात, जम्पिंग असो, स्विमिंग टँक असो की गेम झोन, त्यात माणूस कुठे कुठे पडू शकतो, अडकू शकतो, भाजू शकतो, याची दहा ओळींची यादी करा. प्रत्येक ओळीपुढे खर्च लिहा. त्याला तिकिटांनी भागा. तो आकडा मला कमेंटमध्ये पाठवा, पुढच्या व्हिडिओत त्यातले पाच हिशोब आपण सोबत बसून तपासू.

भेटू पुढच्या आठवड्यात. धंदा करा, पण झोप येईल असा करा.